आकडा आला, पुढे काय?

आपल्या प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलची एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? उत्तर काय येणार हे आपल्याला आधीच माहीत असतं! पाचचं फॅक्टोरियल म्हणजे १२०. फिबोनाची म्हणजे ०, १, १, २, ३, ५... सिनियर्सची फाईल हाताशी असते, जर्नलमध्ये आउटपुट तयार असतं, आणि स्क्रीनवर तेच उमटलं की सही मिळते. वेगळं काही आलं तर चूक आपली. विषय संपला.

पण प्रोजेक्टमध्ये, कंपनीत किंवा एखाद्या साध्या मशीनवर काम करताना उत्तर कोणालाच माहीत नसतं. तिथे प्रोग्रॅम एक आकडा देतो आणि गप्प बसतो. तो आकडा खरा की खोटा, हे आपण ठरवायचं. हे 'ठरवणं' आपल्याला कुठे शिकवतात? मला तरी ते तळहाताएवढ्या एका सर्किट बोर्डाने शिकवलं. त्याचं नाव 'सेन्स हॅट'. मी मेकॅनिकलची, म्हणजे 'कोडिंग आपलं काम नाही' म्हणणाऱ्यांच्या गोटातली. म्हणूनच हा लेख मुख्यतः कॉम्प्युटर ब्रँच नसलेल्यांसाठी आहे.

पाय म्हणजे आपला पाय नव्हे!

आधी ओळख करून देते. 'रास्पबेरी पाय' हा क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमी होत चालली होती आणि येणाऱ्यांनी घरी स्वतः काही करून पाहिलेलं नसायचं, ही त्यांची काळजी होती. मुलांना बिनधास्त खेळता येईल असा स्वस्त कॉम्प्युटर द्यावा, अशी ही कल्पना. नावातला 'पाय' आला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून. (रूमवर 'माझा पाय कुठे गेला?' असं ओरडलं की काय गोंधळ होतो, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको!)

या पायवर चाळीस पिना असतात. त्यांच्यावर टोपीसारखा बसणारा जोडबोर्ड म्हणजे 'हॅट'. सेन्स हॅट हा त्यातलाच एक. त्यावर काय काय आहे बघा: तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर्स, ॲक्सेलरोमीटर, जायरोस्कोप आणि मॅग्नेटोमीटर, एक छोटी जॉयस्टिक, आणि आठ गुणिले आठ म्हणजे ६४ रंगीत एलईडी. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'आर्द्रता' हा शब्द माझ्या तोंडी पहिल्यांदा आला तो या सेन्सरच्या कृपेने.)

हा बोर्ड मुळात बनला तो अंतराळासाठी. डिसेंबर २०१५ मध्ये सेन्स हॅट लावलेले दोन पाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. त्याच महिन्यात ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक तिथे पोहोचले. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांनी तिथे चालवले. त्यातला एक प्रोग्रॅम प्राथमिक शाळेतल्या मुलांचा होता. कल्पना एकदम साधी: माणूस जवळ आला की घामामुळे हवेतली आर्द्रता थोडी वाढते, तेव्हा आर्द्रता वाढली की समजायचं, कोणीतरी अंतराळवीर आसपास आहे! प्राथमिकची मुलं हे करू शकतात, तर आपण का नाही?

वॉर्म-अप: २५५ दिले, २४८ मिळाले

सुरुवात सगळे दिव्यांपासूनच करतात. प्रत्येक एलईडीला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे द्यायचे, प्रत्येक ० ते २५५ मधला. पायथनच्या तीन-चार ओळींत आपलं नाव सरकत जातं आणि फार भारी वाटतं.

पण एक करून बघा. एका दिव्याला पूर्ण पांढरा रंग द्या, म्हणजे २५५, २५५, २५५. मग त्याच दिव्याला विचारा, 'तुझा रंग काय?' उत्तर येतं २४८, २५२, २४८. प्रोग्रॅम बरोबर, बोर्डही बरोबर. मग आकडे का बदलले? कारण आपण प्रत्येक रंगाला आठ बिट देतो, पण आत साठवताना लालला पाच, हिरव्याला सहा आणि निळ्याला पाचच बिट मिळतात. उरलेले कापले जातात. डिजिटलच्या लेक्चरला 'बिट शिफ्ट' ऐकताना झोप येते ना? इथे तो डोळ्यांसमोर दिसतो.

ताप कोणाला आलाय?

आता तापमान. लायब्ररीतलं एक फंक्शन बोलवायचं की आकडा हजर, दशांश चिन्हापुढे भरपूर घरांसकट. एवढी घरं बघून वाटतं की केवढं हे अचूक! पण बाजूला साधा थर्मामीटर ठेवला तर लक्षात येतं की बोर्ड कितीतरी जास्त सांगतोय.

सेन्सर बिघडलेला नाही. तो आपलं काम चोख करतोय, फक्त तो बसलाय कुठे ते बघा. त्याच्या बरोबर खाली पायचा प्रोसेसर आहे, आणि तो तापलेला आहे. म्हणजे ताप आलाय पायला आणि आपण समजतोय खोलीला! सेन्सर जिथे आहे तिथलं तापमान सांगतो. आपल्याला हव्या त्या जागेचं सांगायला तो बांधलेला नाही.

इथे बरेच जण म्हणतील, 'शंभर रीडिंग घे आणि ॲव्हरेज काढ.' ॲव्हरेजने काय होतं हे नीट समजून घ्या. आकडा खाली-वर नाचत असेल तर ॲव्हरेजने नाच कमी होतो. शंभर रीडिंग घेतली तर साधारण दहापट कमी. पण सगळीच रीडिंग एकाच दिशेला सरकलेली असतील, तर ॲव्हरेजही तेवढीच सरकलेली येणार. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असेल तर शंभरदा उभं राहून बारीक होता येत नाही!

मग उपाय काय? एक मेकॅनिकलचा: केबल लावून हॅट पायपासून लांब न्यायची. दुसरा कोडचा: प्रोसेसर स्वतःचं तापमान वेगळं सांगतो, ते घ्यायचं, बाजूच्या थर्मामीटरशी तुलना करत दिवसभर नोंदी ठेवायच्या, आणि प्रोसेसर जितका तापलेला तितकी वजाबाकी करणारं आपलं सूत्र बसवायचं. कोणाचं तरी तयार सूत्र उचलू नका. त्यांची केस वेगळी, पंखा वेगळा, खोली वेगळी.

यातली खरी मेख पुढे आहे. तापमान चुकलं की आर्द्रताही चुकते. समजा खोलीत ३० अंश आहे आणि आर्द्रता ६० टक्के. सेन्सर मात्र गरम होऊन ३६ अंशांवर बसलाय. हवेतली वाफ तेवढीच आहे, पण गरम हवेची वाफ धरण्याची क्षमता जास्त. त्यामुळे सेन्सरला आर्द्रता दिसते ४३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका आकड्याची गडबड दुसऱ्या आकड्यात शिरते. थर्मोडायनॅमिक्समधलं सायक्रोमेट्री परीक्षेपुरतं नसतं, हे तेव्हा पटतं.

टेबलावर ठेवलेली वस्तू '१' का म्हणते?

पाय टेबलावर सपाट ठेवा, हात लावू नका, आणि ॲक्सेलरोमीटरला विचारा. वस्तू हलत नाहीये, म्हणजे ॲक्सेलरेशन शून्य. बरोबर? पण उभ्या अक्षावर आकडा येतो १ च्या जवळपास, म्हणजे १ जी!

कारण ॲक्सेलरोमीटरच्या आत एक बारीकसं वजन असतं, आणि ते किती ढकललं जातंय एवढंच त्याला कळतं. टेबल खालून वर ढकलतंय, ते त्याला जाणवतं. टेबल काढून घेतलं आणि पाय खाली पडू लागला (कृपया खाली गादी ठेवा!), तर पडताना हाच आकडा शून्याजवळ जातो. अंतराळ स्थानकात तो कायमच शून्याजवळ असतो. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नव्हे हं! ४०० किलोमीटर उंचीवर जमिनीवरच्या ९० टक्क्यांच्या आसपास गुरुत्वाकर्षण शिल्लक असतंच. पण स्थानक आणि त्यातलं सगळं एकत्र पडतंय, कोणी कोणाला ढकलत नाही. फर्स्ट इयरला फ्री बॉडी डायग्राममध्ये आपण 'नॉर्मल रिॲक्शन'चा बाण काढत होतो ना, तो बाण इथे आकडा होऊन समोर येतो.

मॅग्नेटोमीटर म्हणजे होकायंत्राबद्दल एकच सूचना. आपल्या लोखंडी कॉटवर बसून उत्तर दिशा शोधू नका. तिथे उत्तर दिशा कॉट ठरवते.

आपलं हॉस्टेल किती मजली?

आता माझा सर्वांत आवडता प्रयोग. याचं श्रेय माझं नाही, माझ्या रूममेटचं आहे. ती सिव्हिलची, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली, शाळा मराठी माध्यमाची. प्रोग्रॅमिंगच्या विषयात तिचा बॅकलॉग होता आणि 'मला कोडिंग जमणारच नाही' हे तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, हे सर्वांना माहीत आहे. मुंबईत दाब साधारण १००० ते १०१५ हेक्टोपास्कलच्या दरम्यान असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे तो ९५० च्या आसपास. आपल्या इथल्या हवेत साधारण ९ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. मजला ३ मीटरचा धरला तर तीन मजल्यांना १ हेक्टोपास्कल. सेन्सरला एवढा फरक सहज कळतो.

तिने सकाळी दहाला लेक्चरला जाताना तळमजल्यावर दाब मोजला आणि दुपारी चारला परत आल्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावर. फरकावरून हिशोब केला तर तिसरा मजला निघाला तेराव्या मजल्याच्या उंचीवर!

जर्नलची सवय असलेला कोणीही इथे 'सेन्सर खराब आहे' म्हणून मोकळा झाला असता. ती मात्र म्हणाली, "अगं, थांब. तळमजला तिथेच आहे, मग दुपारी तिथे काय दिसतं ते तरी बघू." तिने पाय दोन दिवस तळमजल्यावरच ठेवला, दर पाच मिनिटांनी नोंद. आलेख काढला तर सरळ रेषा नव्हतीच. दाब सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला, पहाटे चारला पुन्हा उतरलेला. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते, आणि ती आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत ठळक दिसते. सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणातला ओझोन आणि हवेतली वाफ तापते, त्यातून ही दिवसातून दोनदा येणारी लाट तयार होते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आपल्याकडे साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलचा उतार असतो. म्हणजे मजल्यांच्या भाषेत दहा मजले! आमचे तीन आणि हवेचे दहा, मिळून तेरा.

पुढचा उपाय तिच्याच ब्रँचमधून आला. "लेव्हलिंगमध्ये आम्ही शेवटी बेंचमार्कवर परत येतो. किती फरक पडला ते तिथे कळतं. इथेपण तेच करायचं." मग दोघींनी मिळून प्रोग्रॅमचे टप्पे आधी कागदावर मराठीत लिहिले:

१. जॉयस्टिक दाबली की दाबाची ५० रीडिंग घे.
२. त्यांची सरासरी काढ आणि वेळेसकट फाईलमध्ये एक ओळ लिही.
३. असं तीनदा होऊ दे: तळमजला, तिसरा मजला, पुन्हा तळमजला.
४. तळमजल्याच्या दोन सरासऱ्यांची सरासरी काढ. त्यातून तिसऱ्या मजल्याची वजा कर.
५. आलेल्या फरकाला ९ ने गुणून मीटर काढ आणि एलईडीवर सरकत दाखव.

हे पायथनमध्ये उतरवायला पंचवीसेक ओळी पुरल्या. पॉवर बँकवर पाय चालवून आम्ही दहा मिनिटांत वर जाऊन खाली आलो. तेवढ्या वेळात हवा थोडी सरकते, पण आधीची आणि नंतरची सरासरी घेतल्यामुळे तो फरक निघून जातो. पडताळा म्हणून तिने जिना मोजला: ६० पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर ९ मीटर. दाबाचा फरक १ हेक्टोपास्कलच्या आसपास आला. (गच्चीची किल्ली मागितल्यावर रेक्टर मॅडमनी आधी 'गच्चीवर कशाला?' विचारलं आणि सगळं ऐकल्यावर 'मलाही दाखवा' म्हणाल्या, हेही नोंदवून ठेवते.)

'मला कोडिंग जमणार नाही' हे वाक्य त्यानंतर आमच्या खोलीत ऐकू आलेलं नाही. बॅकलॉगचा पेपर तिने दिलाय, रिझल्ट अजून यायचा आहे. पण सांगायचा मुद्दा रिझल्टचा नाहीच. लूप, फाईल, फंक्शन हे शब्द तिने पूर्वीही ऐकले होते. त्यांची गरज तिला पहिल्यांदा पडली ती जिन्यावर.

लाइट गेली की...

हॉस्टेलमध्ये दिवसभर नोंदी ठेवायच्या असतील तर दोन गोष्टी सांभाळा. एक, पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेल्समध्ये वीज नसताना चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. लाइट जाऊन आली आणि इंटरनेट नसेल, तर पाय जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि तुमच्या आलेखातला दुपारचा उतार भलत्याच वेळी दिसतो. म्हणून लाइट गेल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. दोन, प्रत्येक ओळ लिहिली की ती लगेच कार्डवर उतरेल असा प्रोग्रॅम करा. नाहीतर दिवसभराचा डेटा मेमरीतच राहतो आणि लाइटबरोबर जातो.

पैसे कुठून आणू?

पाय आणि सेन्स हॅट मिळून काही हजारांचं काम आहे, मेसचं बिल भरून ते प्रत्येकाला जमणार नाही. आम्हीही क्लबचा एकच संच पाळीपाळीने वापरतो. पण सेन्स हॅटचा इम्युलेटर फुकट आहे. कॉम्प्युटरवर खोटी हॅट दिसते, स्लायडर सरकवून तापमान-दाब बदलायचा, प्रोग्रॅम तोच चालतो. पायथनचा सराव यावर छान होतो. फक्त तिथे आकडा तुम्हीच ठरवलेला असतो, त्यामुळे तो तुम्हाला चकवत नाही. चकवा हवा असेल तर आपला मोबाईल आहेच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' हे फुकट ॲप मोबाईलमधल्या सेन्सर्सची रीडिंग दाखवतं आणि फाईलमध्ये काढूनही देतं. ॲक्सेलरोमीटर जवळपास सगळ्या मोबाईलमध्ये असतो, दाबाचा सेन्सर काहींमध्ये. पुढचं पायथन कोणत्याही लॅपटॉपवर.

सरांना आणि मॅडमना एक विनंती

दर सेमिस्टरला फक्त एक प्रॅक्टिकल असं असावं, ज्याचं उत्तर जर्नलमध्ये छापलेलं नाही. सेन्सर कोणताही चालेल. मार्क उत्तराला देऊ नका. 'हा आकडा तुला खरा का वाटतो?' या प्रश्नावर विद्यार्थी काय बोलतो, त्याला द्या. सिनियर्सची फाईल तिथे उपयोगी पडणार नाही, कारण त्यांच्या दिवशीची हवा वेगळी होती!

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी सुट्टीतले तीन उद्योग:

१. खोलीतल्या कपाटात, खिडकीत आणि पंख्याखाली एकाच वेळी तापमान किती असतं? 'एकाच वेळी' हे एका सेन्सरने कसं साधाल?
२. पाय किंवा मोबाईल खिशात ठेवून चाला आणि प्रोग्रॅमला तुमची पावलं मोजायला लावा. किती धक्का म्हणजे एक पाऊल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत ते लिहा.
३. दाबाची आठवडाभर नोंद ठेवा. रोज दिसणारी चढ-उतार वजा केल्यावर काही उरतं का? पावसाळ्यात उरतं. बघा.

तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नाहीत. तुमची आली की घेऊन या, मिळून तपासू. आमच्या खोलीत एक थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि एक सिव्हिल इंजिनियर कायम हजर आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)